इतिहासाच्या वर्गाची शिस्त

अमेरिकेतील हायस्कुलांमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरात नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की पहिल्या काही दिवसांतच प्रत्येक विषयाचे एक पत्रक विद्यार्थ्याच्या दप्तरातून घरी येते. या वर्गात तुमच्या पाल्याकडून कोणत्या अपेक्षा आहेत, वर्गाचे नियम काय आहेत, गुण कशाला किती मिळणार आहेत, याचा खुलासा त्यात असतो. वही कशी ठेवावी, गृहपाठ उशिरा दिला तर किती गुण कापले जातील, गैरहजेरीतील काम किती दिवसांत भरून द्यावे, दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून दिल्यास काय होईल, चर्चेत मतभेद कसे मांडावेत, अशी कलमे एकाखाली एक असतात. शेवटी विद्यार्थ्याची आणि पालकाची सही घेतली जाते. जागतिक इतिहासाच्या वर्गाचेही असेच पत्रक असते.

आज महाराष्ट्रातील असंख्य मध्यमवर्गीय घरांतील मुले-मुली नोकरी-व्यवसायानिमित्त तिकडे स्थायिक झालेली आहेत आणि त्यांची मुले या वर्गांतून शिकत आहेत. नातवाच्या वा नातीच्या इतिहासाच्या पुस्तकात भारताविषयी काय लिहिले आहे, ही चिंता येथील आजी-आजोबांना असते, तिकडच्या आई-वडिलांनाही असते. ती रास्तच आहे. पण आपले सारे लक्ष पुस्तकातील चार पानांवर खिळलेले असते आणि त्या पत्रकावर मात्र न वाचताच सही होते. वास्तविक वर्गाचा खरा अभ्यासक्रम त्या पत्रकात असतो. पुस्तक काय शिकायचे ते सांगते. कसे शिकायचे ते वर्गाचे नियम ठरवतात. आणि इतिहासाच्या बाबतीत 'कसे' हा प्रश्न 'काय' या प्रश्नाहून अधिक दूरगामी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते का, हे एका ठळक उदाहरणावरून पाहू.

प्रारंभ कोठून करायचा?

अमेरिकेत 'कॉलेज बोर्ड' ही संस्था 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' या नावाने हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयीन दर्जाचे अभ्यासक्रम चालवते. परीक्षेत १ ते ५ अशी श्रेणी मिळते आणि चांगली श्रेणी मिळवणाऱ्या विद्यार्थ्यास अनेक महाविद्यालये त्या विषयातून सूट वा श्रेयांक देतात. यातील जागतिक इतिहासाची परीक्षा प्रथम २००२ साली झाली. त्या वर्षी सुमारे २१ हजार विद्यार्थी बसले होते. २०१८ पर्यंत ही संख्या तीन लाखांवर गेली. यावरून या एका अभ्यासक्रमाचा अमेरिकन तरुणांच्या मनावर किती प्रभाव पडत असेल, याची कल्पना यावी.

हा अभ्यासक्रम सुमारे दहा हजार वर्षांच्या मानवी वाटचालीचा होता. मे २०१८ मध्ये कॉलेज बोर्डाने जाहीर केले की, २०१९-२० या वर्षापासून परीक्षेत इसवी सन १४५० नंतरच्याच इतिहासावर प्रश्न येतील. कारण व्यवहाराचे होते. अमेरिकन शाळेचे वर्ष साधारण १८० दिवसांचे. त्यात दहा हजार वर्षे बसवायची म्हणजे शिक्षकाने धावायचे आणि विद्यार्थ्याने धापा टाकत मागे यायचे. ही अडचण खोटी नव्हती. परंतु १४५० या वर्षाचा अर्थ काय होतो, हे शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या तत्काळ ध्यानात आले. जगाचा इतिहास युरोपीय दर्यावर्दी बंदराबाहेर पडण्याच्या सुमारास सुरू करायचा, म्हणजे आशिया, आफ्रिका आणि अमेरिकेतील मूळ समाज रंगमंचावर येतात तेच मुळी कोणीतरी 'शोधून काढलेले' म्हणून. त्यांचे स्वतःचे कर्तृत्व पडद्यामागेच राहते. अमेरिकेतील इतिहासकारांच्या 'अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन' या जुन्या संघटनेनेही फेरविचाराची विनंती केली. विरोध वाढला आणि जुलै २०१८ मध्ये बोर्डाने सीमारेषा मागे नेऊन ती १२०० या वर्षावर आणली. २०१९-२० पासून हाच अभ्यासक्रम 'आधुनिक' हे विशेषण लावून शिकवला जाऊ लागला.

१४५० पेक्षा १२०० बरे, यात शंका नाही. पहिल्याच घटकात चोळ, विजयनगर, राजपूत राज्ये, दिल्लीची सुलतानशाही, भक्तिसंप्रदाय, सूफी पंथ, आग्नेय आशियातील ख्मेर आणि मजापहित यांचा उल्लेख येतो. परंतु १२०० च्या अलीकडे उभे राहून पाहिले तर काय दिसत नाही, हेही पाहिले पाहिजे. अशोकाचे शिलालेख दिसत नाहीत. गुप्तकाळ दिसत नाही. सातव्या शतकात चीनमधून नालंदेस आलेला ह्युएन त्संग दिसत नाही. १०२५ मध्ये राजेंद्र चोळाचे आरमार श्रीविजयावर चालून गेले, ते दिसत नाही.

एक उदाहरण मोठे बोलके आहे. १२०२ साली इटलीतील पिसा नगरीच्या लिओनार्दोने, ज्यास जग फिबोनाची म्हणून ओळखते त्याने, गणितावरील आपला ग्रंथ सिद्ध केला आणि युरोपातील व्यापाऱ्यांना नऊ अंक व शून्य यांनी हिशेब करण्याची रीत शिकवली. ते नऊ अंक भारतीयांचे आहेत, असे त्याने स्वच्छ नमूद केले आहे. ही घटना १२०० च्या रेषेच्या अलीकडची. पण शून्यासह आकडेमोडीचे नियम मांडणारा ब्रह्मगुप्ताचा ग्रंथ ६२८ सालचा, आणि ती विद्या बगदादमध्ये पुढे नेणारा अल्-ख्वारिज्मी नवव्या शतकातला. हे दोघेही रेषेच्या पलीकडे. म्हणजे विद्यार्थ्याला माल उतरलेला दिसतो, पोचपावती दिसते; तो कोणी पाठवला आणि कोणाच्या हातून आला, ते मात्र दिसत नाही.

यावर आपल्याकडे चटकन एक प्रतिक्रिया उमटते, की हा भारताविरुद्धचा कट आहे. तसे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १२०० च्या रेषेने जशी अशोकाला कात्री लावली तशीच ग्रीसला, रोमला आणि चीनच्या हान साम्राज्यालाही लावली. शिवाय अमेरिकेत प्राचीन संस्कृती शाळेत शिकवल्याच जात नाहीत असेही नाही. उदाहरणार्थ, कॅलिफोर्निया राज्यात सहाव्या इयत्तेत प्राचीन संस्कृती, सातवीत मध्ययुग आणि दहावीत आधुनिक जग अशी वाटणी आहे. दोष आहे तो वेगळाच. प्राचीन भारताची भेट अकरा-बारा वर्षांच्या मुलाला होते, जेव्हा तो चित्रे पाहतो आणि गोष्टी ऐकतो. पंधरा-सोळा वर्षांचा होऊन तो प्रश्न विचारू लागतो, पुरावे तपासू लागतो, तेव्हा भारत त्याच्यासमोर येतो तो बाराव्या-तेराव्या शतकापासून. परिपक्व बुद्धीने प्राचीन भारताकडे पाहण्याची संधीच त्याला वर्गात मिळत नाही. ही उणीव गंभीर आहे, आणि ती भरून काढण्याची रीत त्याच वर्गाच्या नियमांत दडलेली आहे.

सात कागद आणि एक तास

या परीक्षेची रचना समजून घेण्याजोगी आहे. २०२५ च्या परीक्षेचा आराखडा पाहा. पंचावन्न मिनिटांत पंचावन्न वस्तुनिष्ठ प्रश्न, चाळीस मिनिटांत तीन लघुत्तरी प्रश्न, मग चाळीस मिनिटांचा एक दीर्घ निबंध आणि एक तासाचा एक विशेष प्रश्न. एकूण सव्वातीन तास. वस्तुनिष्ठ प्रश्नांना ४० टक्के भार. उरलेला साठ टक्के भार विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लेखनाला.

त्यातील एक तासाचा विशेष प्रश्न हे या परीक्षेचे वैशिष्ट्य. विद्यार्थ्यापुढे सात कागद ठेवले जातात. एखादे पत्र, एखादा फर्मानाचा उतारा, प्रवाशाचे वर्णन, एखादे चित्र वा नकाशा. त्यांच्या आधारे त्याने एका प्रश्नाचे उत्तर निबंधरूपाने लिहायचे. या निबंधाला सात गुण, आणि ते कशासाठी मिळतात ते आधीच जाहीर केलेले असते. स्वतःचे स्पष्ट प्रतिपादन मांडल्याबद्दल एक, प्रसंगाची पार्श्वभूमी सांगितल्याबद्दल एक, कागदांतील पुरावा वापरल्याबद्दल दोन, कागदांबाहेरचा एखादा पुरावा स्वतःच्या वाचनातून आणल्याबद्दल एक, कागद कोणी, कोणासाठी, कोणत्या हेतूने लिहिला याची चिकित्सा केल्याबद्दल एक, आणि विषयाची गुंतागुंत जाणल्याबद्दल एक. पाठांतराला यात वेगळा गुण नाही. पण पाठांतर निरुपयोगी आहे असेही नाही, कारण डोक्यात काहीच नसेल तर पार्श्वभूमी कोठून सांगणार आणि बाहेरचा पुरावा कोठून आणणार?

विजयनगरचे उदाहरण घेऊ. या साम्राज्याची राजधानी पाहणारे तीन परदेशी साक्षीदार प्रसिद्ध आहेत. १४४३ मध्ये आलेला अब्दुर रझ्झाक हा हेरातच्या शाहरुखचा वकील. १५२० च्या सुमारास कृष्णदेवरायाचे वैभव पाहणारा दोमिंगो पाइश हा पोर्तुगीज प्रवासी. आणि १५३५ च्या सुमारास लिहिणारा फेर्नांव नुनिश हा घोड्यांचा व्यापारी. तिघेही नगरीचे वर्णन करतात. आता विद्यार्थ्याने विचारायचे ते असे : वकील आपल्या धन्याला काय कळवू इच्छितो? घोडे विकणारा माणूस सैन्याकडे आणि खजिन्याकडे जास्त लक्ष देईल की नाही? ज्याचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, त्याला देवळातील उत्सव कितपत समजला असेल? आणि तिघेही एकाच गोष्टीवर सहमत होत असतील, तर त्या गोष्टीचे वजन किती वाढते?

अशा रीतीने वाचायला शिकलेला मुलगा हंपीचे अवशेष पाहून केवळ हळहळणार नाही, त्याला त्या नगरीच्या मोठेपणाचा पुरावा देता येईल. त्याच्याशी वाद घालणाऱ्याला तो तीन परकीय साक्षीदार उभे करून दाखवील. आणि चौथा कागद तो घरातून आणील. कृष्णदेवरायाने स्वतः तेलुगूत रचलेल्या 'आमुक्तमाल्यदा' या काव्यात राज्यकारभाराविषयीचा भाग आहे, हे त्याच्या आईने वा आजोबाने सांगितले असेल, तर राजाची स्वतःची वाणीही तो साक्षीला बोलावील.

कागद निवडतो कोण?

येथे एक आक्षेप येईल आणि तो बिनतोड वाटेल. सात कागद निवडतो कोण? निवडणाऱ्याच्याच मनात पूर्वग्रह असेल तर विद्यार्थ्याने कितीही चिकित्सा केली तरी तो निवडणाऱ्याच्या कुंपणातच फिरणार. शिवाय, ज्या मुलाला आपल्या पूर्वजांविषयी मुळात काही ठाऊक नाही, त्याला आधीच चिकित्सेची सुरी हाती देणे म्हणजे त्याला केवळ संशयखोर बनवणे नव्हे काय? आधी ओळख, मग चिकित्सा, हाच क्रम योग्य नव्हे काय?

आक्षेपाचा पहिला भाग खराच आहे. निवड ही सत्ता असते. पण त्याचे उत्तर त्याच सात गुणांत आहे. कागदांबाहेरचा पुरावा आणणाऱ्यास एक गुण राखून ठेवलेला आहे. बोर्डाने दिलेल्या चौकटीबाहेर जाण्याचा परवाना बोर्डानेच दिलेला आहे. प्रश्न एवढाच की तो वापरण्याइतके वाचन मुलाच्या गाठीशी आहे की नाही. तसेच, कागदाचा लेखक कोण आणि त्याचा हेतू काय, हा प्रश्न एकदा विचारायला शिकलेला विद्यार्थी तो प्रश्न पाठ्यपुस्तकालाही विचारू लागतो. एखाद्या पुस्तकात भारतावर लिहिताना केवळ जातिव्यवस्थाच का येते, भारताची गणिती परंपरा का येत नाही, हे तो विचारील. तो विचारील तेव्हा त्याच्या शिक्षकालाही ते ऐकावे लागेल, कारण विद्यार्थी वर्गाच्याच नियमाने बोलत असेल.

आक्षेपाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर घराने द्यायचे आहे. ओळख करून देणे हे घराचे काम, चिकित्सा शिकवणे हे वर्गाचे. घराने आपले काम सोडून दिले आणि वर्गाने ते करावे अशी अपेक्षा धरली, की निराशा ठरलेली. नात्याने, भाषेने, गोष्टींनी आणि पुस्तकांनी घर जे देईल, ते मुलगा वर्गात पुरावा म्हणून वापरू शकेल.

वर्ग म्हणजे प्रवचन नव्हे

अमेरिकेतील सरकारी शाळांबाबत आणखी एक मर्यादा आपल्या लोकांनी नीट समजून घेतली पाहिजे. १९६३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ॲबिंग्टन विरुद्ध शेंप या खटल्यात सरकारी शाळांमधील बायबलचे धार्मिक वाचन घटनाबाह्य ठरवले. मात्र त्याच निकालात, शिक्षणाचा भाग म्हणून धर्माचा तटस्थ अभ्यास करण्यास हरकत नाही, असेही सांगितले. म्हणजे शिक्षक धर्माविषयी शिकवू शकतो, धर्म शिकवू शकत नाही. ख्रिस्ती धर्माला जो नियम, तोच हिंदू धर्माला. तेव्हा वर्गात आपल्या धर्माचे गुणगान व्हावे, ही अपेक्षा त्या देशाच्या कायद्यात बसणारी नाही. पण आपल्या धर्माचे वर्णन इतर धर्मांच्या वर्णनाइतकेच साधार आणि समतोल असावे, ही अपेक्षा मात्र पूर्णपणे बसणारी आहे. इतर धर्मांची ओळख त्यांच्या श्रद्धा आणि तत्त्वज्ञान यांतून करून द्यायची आणि हिंदूंची ओळख केवळ त्यांच्या सामाजिक दोषांतून, हा पंक्तिप्रपंच झाला. तो पुराव्यानिशी दाखवता येतो आणि दाखवला पाहिजे.

कॅलिफोर्नियात २००५-०६ मध्ये सहावीच्या पाठ्यपुस्तकांवरून जो वाद झाला, त्यातून हाच धडा मिळतो. काही हिंदू संस्थांनी पुस्तकांतील मजकुरात दुरुस्त्या सुचवल्या. हार्वर्डचे मायकेल विट्झेल आणि इतर अभ्यासकांनी त्यातील अनेक दुरुस्त्यांना विरोध केला. मार्च २००६ मध्ये राज्य शिक्षण मंडळाने निर्णय दिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. मंडळाची कार्यपद्धती नियमांनुसार नव्हती, असे न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये म्हटले. पण पुस्तके रद्द करण्यास नकार दिला. कोण जिंकले, कोण हरले, याची चर्चा पुष्कळ झाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हिंदी भाषा अरबी लिपीत लिहिली जाते, असले ढळढळीत चुकीचे विधान एका पुस्तकात होते. जेथे दुरुस्ती अशी निर्विवाद पुराव्यावर उभी होती, तेथे वाद घालायला जागाच नव्हती. जेथे प्रश्न विद्वानांतही वादग्रस्त होता आणि दोन्हीकडून ठाम विधाने केली गेली, तेथे इतिहास बाजूला राहिला आणि दोन पक्षांचे रण माजले. अशा वेळी 'हे चूक आहे' असे म्हणण्यापेक्षा 'याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, दोन्ही मते सांगा' अशी मागणी अधिक प्रामाणिक असते आणि अधिक टिकाऊही.

आपल्या घरची परंपरा

पुराव्याची ही शिस्त पाश्चात्त्यांकडून उसनी आणायची वस्तू आहे, असे कोणी समजू नये. महाराष्ट्राने ती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच कमावली आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे गावोगाव हिंडून, वाड्यावाड्यांतील दप्तरे धुंडाळून त्यांनी ही माला २२ खंडांपर्यंत नेली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीही याच ध्यासातून. अस्सल कागदावाचून इतिहास लिहायचा नाही, हा त्या पिढीचा दंडक होता. ही माणसे स्वदेशाभिमानाने पेटलेली होती. आणि तसे असूनही नव्हे, तर तसे असल्यामुळेच ती पुराव्याबाबत इतकी कठोर होती.

शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचे प्रकरण या दृष्टीने प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले पाहिजे. बखरींच्या आधारे महाराजांचा जन्म १६२७ साली झाला, असे दीर्घकाळ मानले जात होते. शिवजयंतीच्या उत्सवाला सार्वजनिक रूप देणारे लोकमान्य टिळक. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली त्यांच्या हाती आली. तीत जन्मतिथी वेगळी होती : शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. टिळकांनी ती शकावली दडवली नाही, १९१६ मध्ये ती प्रसिद्ध केली. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या समकालीन काव्यातही तीच तिथी आढळली, राजस्थानात मिळालेल्या कुंडलीनेही तिला दुजोरा दिला. वाद अनेक दशके चालला आणि अखेरीस राज्य शासनाने हीच तारीख मान्य केली. यात महाराजांची थोरवी तसूभरही उणी झाली नाही. उलट, आपल्या आराध्यपुरुषाविषयीदेखील पुराव्याने जे सिद्ध होईल तेच स्वीकारायचे, ही हिंमत आपल्या समाजात आहे, हे जगाला दिसले. सात कागदांच्या त्या परीक्षेत यापेक्षा वेगळे काय मागितले जाते?

मग आज आपल्या वर्गांचे चित्र काय आहे? २०१८ साली आलेल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाची सुरुवात इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरेपासून होते. व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स यांच्याबरोबर राजवाडेही तेथे भेटतात. कल्पना उत्तमच होती. पण वर्गात त्याचे झाले काय? आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोणास म्हणतात, योग्य पर्याय निवडा; संकल्पनाचित्र पूर्ण करा; टिपा लिहा. ज्या राजवाड्यांनी अस्सल कागदासाठी पायपीट केली, त्यांचे नाव आपली मुले गाईडमधून पाठ करतात आणि एकही अस्सल कागद न पाहता उत्तीर्ण होतात. पद्धतीचा इतिहास पाठ झाला, पद्धत मात्र हाती आली नाही. दोष शिक्षकाचा नाही. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, अपुऱ्या तासिका आणि शिकवण्याव्यतिरिक्तची शंभर कामे, यांत त्याने तरी काय करावे?

सही करण्यापूर्वी

म्हणून त्या पत्रकाकडे पुन्हा वळले पाहिजे. त्यातील अनेक कलमे वरकरणी किरकोळ वाटतात, पण त्यामागे इतिहासाभ्यासाचेच संस्कार आहेत. दुसऱ्याचे वाक्य घेतले तर त्याचे नाव सांगा, हा नियम म्हणजे साधनाशी प्रामाणिक राहण्याचा पहिला पाठ. चर्चेत व्यक्तीवर नव्हे, विधानावर बोला, हा नियम म्हणजे आपल्या जुन्या वादसभांचाच दंडक. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्ष मांडू नये, हे आपल्या शास्त्रकारांनी पूर्वीच सांगून ठेवले आहे. काम वेळेवर द्या, हा नियम मुलाला शिकवतो की निबंध एका रात्रीत उपसून काढता येत नाही.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि या नियमांचे महत्त्व शतपटीने वाढले. यंत्र क्षणार्धात सफाईदार निबंध लिहून देते. तो निबंध मुलाने स्वतःचा म्हणून दिला तर गुण मिळतीलही, पण कागद वाचण्याची, शंका घेण्याची, चूक करून सुधारण्याची जी मशागत मनात व्हायची ती होत नाही. यंत्राने जे सांगितले ते कशाच्या आधारे, हे विचारण्याची शक्तीही मग उरत नाही. आपल्या इतिहासाविषयी कोणीही काहीही सांगावे आणि आपल्या मुलाने मान डोलवावी, यापेक्षा मोठा पराभव कोणता?

तेव्हा परदेशातील पालकांनी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, पत्रक मुलासह बसून वाचावे आणि प्रामाणिकपणाच्या कलमावर पालकाने आधी स्वतः ठाम राहावे. मुलाचा निबंध पालकानेच सुधारून देणे हीदेखील चोरीच होय. दुसरी, १२०० च्या रेषेपलीकडचे जे जग वर्गात येत नाही, ते घरी आणावे. त्यासाठी फार मोठा खटाटोप नको. आठवड्यात एक संध्याकाळ, एक शिलालेख, एक प्रवासवर्णन, एक नकाशा पुरेसा आहे. तिसरी, पुस्तकात चूक आढळली तर तक्रार करण्यापूर्वी पुरावा गोळा करावा आणि शक्य तर मुलालाच तो वर्गात सभ्यपणे मांडू द्यावा. पालकांच्या शिष्टमंडळापेक्षा विद्यार्थ्याच्या नेमक्या प्रश्नाचा परिणाम अधिक होतो.

आणि येथील आपल्या संस्थांसाठी एक सूचना. महाराष्ट्रात शेकडो शाळा देशभक्तीच्या प्रेरणेने चालवल्या जातात. त्यांनी नववी-दहावीच्या मुलांसाठी वर्षातून निदान चार तास असे राखून ठेवावेत की, ज्यांत मुलांपुढे प्रत्यक्ष कागद ठेवले जातील. शिवकालातील एखादे आज्ञापत्र, पेशवे दप्तरातील एखादे पत्र, एखाद्या इंग्रज वखारवाल्याचा मजकूर, आणि त्यांच्या जोडीला फ्रान्सच्या वा रशियाच्या राज्यक्रांतीतील एखादा जाहीरनामा. हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, का लिहिले, एवढे तीन प्रश्न विचारावेत आणि मुलांना स्वतःच्या शब्दांत लिहू द्यावे. यासाठी ना इमारत लागते ना अनुदान. लागते ती शिक्षकाची तयारी आणि संस्थाचालकांची इच्छा.

जगाच्या इतिहासात आपले स्थान कोणते, हे दुसऱ्याने आपल्याला बहाल करावे, अशी अपेक्षा ठेवणारा समाज कायम रुसलेला राहतो. ते स्थान पुराव्याने सिद्ध करता येईल अशी मुले घडवणाऱ्या समाजाला रुसण्याची वेळ येत नाही. अशा मुलांच्या हाती कोणतेही पुस्तक द्या. त्यातील सत्य ती उचलतील आणि असत्य पुराव्यानिशी परत करतील.